दोन गाण्यांच्या मधली जागा

शाहूपुरीत जोतीरामच्या घरी फ्रिजशेजारी एक काळी पेटी दिवसरात्र गुरगुरत असायची. नवा पाहुणा आला की विचारणारच, "हे काय, इन्व्हर्टर का?" मग जोतीराम ऐटीत म्हणायचा, "न्हाय पावणं. ह्यात निम्म्या जिल्ह्याची लग्नं हायत." आणि ही काही थाप नव्हती. एक्याण्णव सालापासून गडी व्हिडिओ शूटिंग करत आला होता. पन्हाळ्यापासून आजऱ्यापर्यंत जिथं मांडव, तिथं जोतीराम, खांद्यावर धोंड्यासारखा जड कॅमेरा घेऊन. पुढं ड्रोन आले, पोरं आली, धंदा त्यांच्या हातात गेला. जोतीरामनं दुकानाला कुलूप घातलं आणि जुन्या कॅसेटी घरी आणून संगणकावर उतरवायचं काढलं. ती काळी पेटी म्हणजे त्याचा घरचा सर्व्हर. मुलगा ऋतुराज पुण्याला संगणकाच्याच नोकरीत, त्यानं येऊन बसवून दिलेला.

गल्लीतल्या लोकांना कोडं पडायचं, म्हाताऱ्याला लोकांच्या लग्नांचा एवढा काय पुळका. अहो, लोकांच्या लग्नांचा कसला पुळका? पुळका होता तो बाळाबाईचा.

बाळाबाई जोतीरामची बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली. धंद्याच्या सुरुवातीला लाईट धरायला गुंडू नावाचा एक गडी होता. घरच्याच एका लग्नात गुंडू जो पंगतीला बसला तो उठायचं नावच घेईना, आणि इकडं मंगलाष्टकं संपत आलेली. बाळाबाई शेजारीच उभी होती. तिनं पदर खोचला, हॅलोजनचा दांडा उचलला आणि म्हणाली, "चला, कुठं धरू सांगा." त्या दिवसापासनं गुंडू कायमचा पंगतीत राहिला आणि लाईट कायमचा बाळाबाईच्या हातात.

बाईमाणूस लाईट धरतंय म्हटल्यावर सुरुवातीला लोक नवरा-नवरी सोडून तिच्याकडंच बघायचे. मग त्यांच्या ध्यानात आलं की ही बाई नवरीच्या खोलीत जाते, माजघरात जाते, चुलीपाशी जाते, आणि तिच्यामागनं कॅमेराही जातो. दुसऱ्या कुठल्या शूटिंगवाल्याला कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. जोतीरामला कामं धोधो आली ती ह्यामुळं. तो मात्र सांगत फिरायचा की आपला अँगलच तसा असतोय.

आता लाईट धरणारं माणूस लाईटीत कधी येत नाही. त्यामुळं हजारभर लग्नांत बाळाबाई एकदाही दिसत नाही. पण ती उभी असायची कॅमेऱ्याच्या काखेत, माइकच्या अगदी तोंडाशी, आणि तिला बोलल्याशिवाय राहवायचं नाही. "पावणं, वायर हाय, पाय उचला." "ताई, पदर सारखा करा, कॅसेटीत येतंय सगळं." "त्या पोरीचं नाक पुसा की कुणीतरी." प्रत्येक कच्च्या कॅसेटीत हा आवाज होता. पार्टीला द्यायची ती पक्की कॅसेट वेगळी. तिच्यावर मिक्सिंगमध्ये सनई आणि सिनेमातली गाणी चढायची, आणि खालचं सगळं बोलणं पुसून जायचं.

पुढं मोबाइल आले. कुणीही उठावं आणि कुणाचाही व्हिडिओ काढावा. पण समोर मोबाइल धरला की बाळाबाई गप्प. पदर तोंडाला लावून नुसती बघत राहायची. जोतीरामला वाटायचं, लाजते. शेवटच्या वर्षी तर घशाच्या दुखण्यानं तिचा आवाजच गेला. हातवारे करून बोलायची, आणि हातवारे करून काय भांडता येतं होय? घर कसं ओस पडलं.

ती गेल्यावर महिन्याभरानं जोतीराम माळ्यावर चढला आणि कच्च्या कॅसेटींची पोती खाली काढली. एकोणीसच्या पुरात माळ्यापर्यंत पाणी आलं नव्हतं, पण ओल आली होती. फितींवर पांढरी बुरशी धरलेली. एकेक कॅसेट खोलायची, मऊ कापडानं फीत पुसायची, व्हीसीआरमध्ये घालायची. एकदा चालायची. दुसऱ्यांदा लावली की फितीची भुकटी. त्या एका चालण्यात तिला पेटीत उतरवून घ्यायचं. दीड वर्ष जोतीराम हेच करत होता. सगळं उतरलं, पोती कचऱ्याच्या गाडीत गेली. मग तो रोज संध्याकाळी चहा घेऊन बसायचा आणि एखादं लग्न लावायचा. बाळाबाई वळिवड्याच्या वऱ्हाडाला झापायची, कागलच्या करवल्यांना सरळ उभं करायची, आणि जोतीराम बशीतला चहा फुंकत हसायचा. घरात बाई वावरतीय असं वाटायचं बघा.

तर अशी सगळी घडी बसलेली असताना, ऐन पितृपंधरवड्यात, पेटीवरचा एक हिरवा दिवा लाल झाला.

जोतीरामनं ऋतुराजला फोन लावला. ऋतुराजनं पुण्यात बसूनच पेटीत डोकावून बघितलं.

"बाबा, दोनातली एक डिस्क जायला लागलीय. आजच्या आज नवीन घ्या."

"आज? पंधरवडा चालू हाय लेका. पंधरवड्यात माणूस नवी चड्डी घेत न्हाय, डिस्क कुठली घेतोस."

"बाबा, त्यात आई आहे."

"म्हणूनच म्हणतोय. तिच्या कामाला पंधरवड्यातली वस्तू नको. दसऱ्याला घेऊ, मुहूर्तावर. दुसरी डिस्क धडधाकट हाय न्हवं? दोन्हीवर सगळं सारखंच असतंय म्हणालतास की."

ऋतुराजनं कपाळावर हात मारला असणार, कारण फोनमध्ये फट्कन आवाज आला. मग तो लहान पोराला सांगावं तसं सांगायला लागला. "त्या दोन डिस्क म्हणजे एकमेकींचा आरसा आहेत. एकीवर जे होईल ते दुसरीवर होतं. एकीवरचं पुसलं की दुसरीवरचं पण पुसलं. आरशाला अक्कल नसते बाबा. आई विरजण शेजारी का द्यायची?"

"मागायला यायच्या म्हणून."

"आपलं नासलं तर परत आणता यावं म्हणूनसुद्धा. तसं एक विरजण आपल्याला बाहेर ठेवायला पाहिजे."

मग बापलेकांनी व्हिडिओ कॉलवर बसून बेत केला. ऋतुराजनं कागदावर चौकोन काढून दाखवले. पेटीत दोनाऐवजी चार मोठ्या डिस्क, म्हणजे एखादी मेली तरी काम चालू. घरातच कपाटात एक वेगळी प्रत, जिला रोज कुणी हात लावायचा नाही. आणि तिसरी प्रत घराबाहेर. घराबाहेर म्हणजे कुठं, तर पन्हाळ्याला, केरबा दाजींकडं. जोतीरामच्या बहिणीचं ते घर. "पंचगंगेला कितीबी पूर येऊ दे, पन्हाळ्यावर काय चढत न्हाय," असं म्हणून जोतीरामनं त्या चौकोनाला तिथल्या तिथं मान्यता दिली. बेत झकास झाला. खरेदी दसऱ्याला, राजारामपुरीतल्या दुकानातनं. तोवर ऋतुराजची एकच अट होती, पेटीला हात लावायचा नाही.

जोतीरामनं ती पाळलीही. पंधरवडा पाळला, घट बसल्यावर नवरात्र पाळलं. आणि मग आली खंडेनवमी.

आता बघा, खंडेनवमीला माणसानं आपल्या हत्यारांची पूजा करायची. सुताराची करवत, न्हाव्याचा वस्तरा, तसा शूटिंगवाल्याचा कॅमेरा. एक्याण्णवपासून जोतीरामनं ही पूजा चुकवली नव्हती. पाटावर नवं कापड, त्यावर कॅमेरा, हॅलोजन, कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं, व्हीसीआर, सगळं पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचं फूल ठेवून. मांडणी बाळाबाईची आणि आरती ह्याची. यंदा पाट मांडून झाल्यावर जोतीरामच्या मनात आलं, आता खरं हत्यार कुठलं? कॅमेरा तर दहा वर्षं बंद. जे काय हाय ते पेटीत. मग पेटीला बाहेरनंच हळदकुंकू लावायचं? कॅमेऱ्याचं भिंग कधी बाजूला ठेवून पूजा केली का आपण?

त्यानं पेटी बंद केली आणि आतल्या दोन्ही डिस्क काढल्या. धूळ पुसली. कपाटात एक तिसरीही होती, दोन वर्षांपूर्वी लहान पडायला लागली म्हणून काढून ठेवलेली. तिनं काय घोडं मारलंय, म्हणून तीही आणली. तिघी पाटावर ओळीनं बसल्या. जोतीरामनं बेतानं, एका बोटानं, कडेकडेला हळद लावली. ओवाळलं. नारळ फोडला तो मात्र लांब, मोरीत. एवढी अक्कल होती.

पूजा झाल्यावर डिस्क परत बसवताना त्याला आणखी एक शहाणपण सुचलं. दुखणाईत डिस्क परत कामाला कशाला जुंपायची? उद्या नव्या येणारच हायत. आजच्या दिवस तिला पाटावर पडू दे, तिच्या जागी ही जुनी, लहान पण ठणठणीत. त्यानं धडधाकट आणि जुनी अशी जोडी पेटीत सारली आणि पेटी चालू केली. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. दोन नावं, आणि खाली कुठलीवरनं कुठलीवर उतरवू असा काहीसा प्रश्न. ऋतुराजला फोन लावावा असं मनात आलं, पण पोरगं म्हणणार, हात लावू नका म्हणालो होतो. जोतीरामनं वरच्या नावावर बोट ठेवलं आणि होय म्हटलं. पेटी आज्ञाधारक. तिनं जुनीवरचं सगळं धडधाकटवर उतरवायला घेतलं.

दोन वर्षांपूर्वीच्या डिस्कवर काय होतं? पक्क्या कॅसेटी. सनई आणि गाणी. कच्ची कॅसेट तिच्यावर एकही नव्हती, कारण तोवर बाळाबाई जिवंत होती आणि कच्च्या कॅसेटींची कुणाला पडली नव्हती.

संध्याकाळी चहा घेऊन जोतीराम बसला आणि कागलचं लग्न शोधायला लागला. पक्कं सापडलं. कच्चं सापडेना. वळिवडं नाही, हुपरी नाही, इचलकरंजी नाही. पहिल्यांदा चष्मा पुसला. मग घाम पुसला. मग पाटावरची ती दुखणाईत डिस्क उचलून पेटीत घातली. तिनं आत दोनदा टक् टक् केलं आणि मान टाकली. चहा तसाच राहिला.

ऋतुराज दसऱ्याच्या सकाळी पहिल्या गाडीनं आला. पिशवी टाकली आणि पेटी खोलली. दिवसभर पेटीपुढं बसून होता. मेलेली डिस्क पुण्याला नेऊन मोठ्या तज्ज्ञांना दाखवली. त्यांनी खोलून बघितली आणि सांगितलं की आतली चकती खरवडलीय, काही मिळायचं नाही. दुसरीवर तर नवं लिहूनच झालेलं.

"गेलं बाबा," ऋतुराज फोनवर म्हणाला. "मला पण ऐकायचं होतं. दिवाळीला येऊन निवांत ऐकू म्हणत होतो."

मुहूर्ताच्या नव्या डिस्क आल्या होत्या. चार पेटीत बसल्या, एक कपाटात गेली, एक केरबा दाजी स्वतः येऊन पन्हाळ्याला घेऊन गेले. सगळा बेत चौकोन काढले होते तसाच्या तसा उभा राहिला, आणि आत सुरक्षित काय ठेवलं, तर सनई. घर गेल्यावर राखण बसवावी तशी गत. जोतीराम त्या पेटीजवळनं जाताना तोंड फिरवायला लागला. दोन वर्षांपूर्वी बाळाबाई गेली तेव्हा माणसं आली होती, भाकरी-पिठलं आलं होतं, लोक बसून राहिले होते. आता ती दुसऱ्यांदा गेली तर सांगायचं कुणाला? काय सांगायचं? माझ्या हातनं पुसली गेली म्हणून?

पण माणूस गप बसतो होय? त्यानं पक्क्या कॅसेटी ऐकायला घेतल्या. एवढ्या लग्नांत कुठंतरी, एखाद्या गाण्याच्या फटीतनं, बाळाबाईचा एखादा शब्द निसटला असेल की. कानाला हेडफोन लावून दिवसचे दिवस बसला. एक गाणं संपायच्या आत दुसरं सुरू. जराही फट नाही. जोतीरामचं मिक्सिंग म्हणजे काय लेचंपेचं काम नव्हतं. सगळ्या कोल्हापुरात त्याचं नाव होतं, "जोतीरामच्या कॅसेटीत गाणं तुटत न्हाय." त्या नावासाठी तो तासन्‌तास टेपरेकॉर्डरपुढं बसला होता. आता आपल्याच कौशल्याला तो भरभरून शिव्या द्यायला लागला. एखादी तरी कॅसेट आळसात करायची होतीस की रे, मुडद्या.

आणि शिव्या देता देताच त्याला गडमुडशिंगी आठवली.

गडमुडशिंगीचं लग्न म्हणजे बाहेरचं पहिलं काम. मिक्सिंग तेव्हा नुकतंच शिकत होता. एक गाणं संपलं, दुसरं लावायच्या आत लाईट गेली, आणि मधे चांगली ऐसपैस फट राहिली. दुसऱ्या दिवशी कॅसेट द्यायची होती, तशीच दिली. नवरीचा भाऊ धैर्यशील, तालमीतला गडी, दुकानात येऊन टेबलावर कॅसेट आपटून गेला होता. "गाणं मधेच मरतंय ह्यात. सगळ्या पावण्यांसमोर आमची इज्जत गेली." पुढं कुठंही भेटला की हाच पाढा. त्या लाजेपायीच जोतीरामनं पुन्हा कधी फट ठेवली नाही, आणि त्या लाजेपायीच त्या लग्नाची प्रत स्वतःकडं ठेवली नाही, की ते पेटीत उतरवलं नाही.

त्यानं धैर्यशीलला फोन लावला.

"ती तुटकी कॅसेट?" धैर्यशील पलीकडनं गरजला. म्हातारा झाला तरी आवाज मांडवातलाच. "आता सुचालंय व्हय तुला? संयोगिताकडं हाय ती, आजऱ्याला. आई गेल्यावर घेऊन गेली. जा आणि गाणं पुरं करून दे तिला, तेवढं तरी पुण्य लागू दे."

संयोगिता म्हणजे त्या लग्नातली नवरी. जोतीरामनं पिशवीत व्हीसीआर घातला, वायरी घातल्या, लॅपटॉप घातला, एक नवी डिस्क घातली आणि आजऱ्याची एसटी धरली. वाटभर एकच घोर. आजऱ्याचा पाऊस म्हणजे भिंतीला शेवाळ येतंय. तीस-पस्तीस वर्षं तिथल्या ओलीत ती फीत काय राहिली असणार? आणि राहिली असली, तरी त्या फटीत बाळाबाई बोलली असेल कशावरनं? बँड असेल, नुसती गडबड असेल. बाई काय चोवीस तास बोलत नव्हती. मग त्याचं त्यालाच वाटायचं, होती की.

संयोगिताचा काजूचा छोटा कारखाना होता, घराला लागूनच. भाजलेल्या बियांचा धूर अंगणात भरलेला. पन्नाशी उलटलेली, ठसठशीत बाई, हात काळपट झालेले. पाणी दिलं, चहा ठेवला आणि बसायच्या आतच म्हणाली, "दादाचा फोन आलता. तुम्ही गाणं पुरं करायला आलाय म्हणं. त्याला हात लावायचा न्हाय, आधीच सांगते."

"न्हाय लावत," जोतीराम म्हणाला. "मला ती मधली जागाच बघायची हाय."

संयोगितानं पदराला हात पुसले. मग आत गेली आणि तांदळाचा पत्र्याचा डबा घेऊन आली. झाकण काढलं, कोपरापर्यंत हात घातला आणि घनसाळ तांदळातनं कॅसेट बाहेर काढली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. "सासूबाईंनी सांगितलेलं, तांदूळ ओल धरू देत न्हाय. दर साली नव्या तांदळात घालते."

जोतीरामनं कॅसेटीचं झाकण उघडून फीत उजेडात धरली. काळी, चकचकीत, नवीकोरी. बुरशीचा ठिपका नाही. सगळ्या कॅसेटीला घनसाळाचा वास. कोल्हापुरातल्या माळ्यावर पोतीच्या पोती सडली, आणि ही एकटी डब्यात बसून राहिली. त्याला हसावं का रडावं कळेना.

"रोज बघता?"

"आधी आईच्या तिथीला बघायचो. मग आमची ती मशीन बिघडली. दोनेक वर्षं झाली की. आईचे फोटो हायत, पण हालती-चालती आई एवढ्यातच हाय." ती खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसली. "सगळी विचारायची, नवरीच्या आईचं एवढं शूटिंग कुणी करतंय का? बाकीच्यांच्या कॅसेटीत नुसता बँड आणि पावणं."

"आपला अँगलच तसा असतोय," असं नेहमीचं वाक्य जोतीरामच्या जिभेवर आलं होतं. पण त्याचं सगळं लक्ष वायरी जोडण्यात होतं. व्हीसीआर टीव्हीला, टीव्हीला जाणारं तेच लॅपटॉपला, लॅपटॉपमधनं डिस्कला. आधी उतरवून घ्यायचं, मग काय ते बघायचं. फीत तुटली तरी आता चालेल. नवी डिस्क गुरगुरायला लागली तेव्हा त्यानं बटण दाबलं.

पट्ट्या हलल्या, रंग फुटले, आणि गडमुडशिंगीचा मांडव उभा राहिला. गोरज मुहूर्ताचं लग्न. पोरगेली संयोगिता मुंडावळ्यांतनं खाली बघत होती. धैर्यशीलच्या मिशा काळ्याभोर. गाणं वाजत होतं, जाड, खरखरीत, सगळ्यावर पांघरूण घातल्यासारखं. अक्षता झाल्या, पंगती झाल्या. पाठवणी सुरू झाली, दारात जीप आली, बँडवाले पुढं सरकले. गाण्याचं शेवटचं कडवं आलं. जोतीरामनं गुडघे घट्ट धरले. संयोगितानं टीव्हीचा आवाज वाढवला.

गाणं संपलं आणि खालचं लग्न वर आलं. बँड, पोरांचा दंगा, जीपचं इंजिन. कॅमेरा एका बँडवाल्याच्या गालांवर खिळलेला. आणि मग अगदी जवळनं, कानात बोलल्यासारखं:

"अवं, बँड काय घेत बसलाय? तिच्या आईवर घ्या. ती बघा तिकडं, खांबाला धरून उभी हाय एकटी. पुढं पोरीला तीच बघायची असंल."

तोच आवाज. तरणा, खणखणीत, घाईतला. जोतीरामच्या डोळ्यांना धार लागली. ती पुसायचंही त्याला भान राहिलं नाही, एक शब्द चुकायला नको म्हणून तो पुढं झुकून बसला.

पण पुढचा शब्द तिचा नव्हता. पुरुषाचा होता, आणखी जवळचा, कॅमेऱ्याच्या मागचा, त्रासिक.

"गप की जरा. आवाज येतोय तुझा."

बाळाबाई गप झाली.

जोतीराम वाट बघत राहिला. बँड वाजत होता, कुणीतरी कुणाला हाका मारत होतं, जीपचं दार आपटलं. तिनं पुन्हा तोंड उघडलं नाही. फक्त लाईट हलला. बँडवाल्यांवरनं निघाला, माणसांच्या टोप्या-पदरांवरनं सरकत गेला आणि लांब त्या खांबापाशी जाऊन एका बाईच्या तोंडावर थांबला. बँड सगळा काळोखात गेला. अंधारात कॅमेरा काय घेणार? तो मुकाट्यानं लाईटीच्या मागनं गेला. ती बाई पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती. मग तिनं पदर काढला, जीपकडं बघून उगाचच हसली, आणि परत पदर लावला. लाईट तिच्यावरनं हलला नाही. मग दुसरं गाणं सुरू झालं.

संयोगिता डोळे पुसत होती. "ही आमची आई," ती म्हणाली, जणू त्याला ठाऊकच नव्हतं. मग नाक ओढून म्हणाली, "आणि ती बोलणारी कोण हो? आम्ही लई दिवस इचार करतोय. पोरं तिला लाईटवाली मावशी म्हणत्यात. तिचा तोंडावळा कसा असंल म्हणून भांडत्यात."

"माझी मंडळी," जोतीराम म्हणाला. "बाळाबाई."

"हायत?"

त्यानं मान हलवली. संयोगितानं त्याच्यापुढं चहाचा कप सरकवला. मग टीव्हीकडं बोट करून म्हणाली, "तिचं बरोबर होतं बघा. आणि तो बाप्या, तिला गप म्हणणारा, लई खडूस. आम्ही सगळी दरवेळी त्याला शिव्या घालतो."

"घाला," जोतीराम म्हणाला, आणि कॅसेट मागं फिरवून पुन्हा त्या मधल्या जागेवर आणली.